अधिष्ठान एक, भाडेकरू अनेक

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, जीवाच्या स्वरूपाची चर्चा शेवटाकडे आली असता, सूत्रकारांपुढे असा एक आक्षेप उभा राहतो की जो ऐकताच शास्त्र न शिकलेल्या माणसालाही तो आपल्याच मनातला वाटावा. सर्व देहांतून प्रकटणारे चैतन्य जर मुळात एकच असेल, तर एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या पदरी का पडत नाही, देवदत्ताच्या पोटशुळाने यज्ञदत्त का कळवळत नाही, आणि एकाची आठवण दुसऱ्याच्या मनात का उगवत नाही? या सरमिसळीला शास्त्रकार व्यतिकर म्हणतात. ती होत नाही हे तर रोजच्या अनुभवाने सिद्ध आहे. तेव्हा ती का होत नाही याची उपपत्ती देणे हे एकत्व सांगणाऱ्याच्या डोक्यावरचे ऋणच होय. आपल्या काळात हाच प्रश्न, ज्यांनी ब्रह्मसूत्रांचे नावही ऐकले नसेल अशा अभियंत्यांपुढे, अत्यंत व्यावहारिक रूपाने येऊन ठाकला आहे. आणि त्यांनी शोधलेली उत्तरे कोठे टिकली व कोठे फसली याचा बारकाईने विचार केल्यास, भेद म्हणजे काय आणि तो कशाच्या बळावर टिकतो या जुन्या वादावर नवा प्रकाश पडतो, असे माझे मत आहे.

क्लाउड या नावाने ओळखली जाणारी सेवा आज बँका, रुग्णालये, विद्यापीठे, सरकारी खाती आणि ऑनलाइन दुकान थाटणारा लहान व्यापारी असे सारेच वापरतात. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र इतकीच की यंत्र एकाच्या मालकीचे असते आणि एकमेकांना न ओळखणारे अनेक भाडेकरू त्याचा एकाच वेळी वापर करीत असतात. ही कल्पना नवी नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कोर्बातो यांनी एमआयटीत, एकाच संगणकावर अनेकांना एका वेळी काम करता येते, हे दाखवून दिले. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, जिच्यात प्रत्येकाला आपल्यापुढे एक संपूर्ण व स्वतंत्र संगणक आहे असा प्रत्यय येई. आणि १९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग यांनी अशा आभासी यंत्राची लक्षणे शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. त्यांच्या मते, आभासी यंत्रातला प्रोग्राम खऱ्या यंत्रावर चालावा तसाच चालला पाहिजे, त्याच्या बहुतेक आज्ञा मध्यस्थाविना खुद्द यंत्रानेच पार पाडल्या पाहिजेत, आणि साधनांचा ताबा मात्र सर्वस्वी त्या मध्यस्थाकडे राहिला पाहिजे. या मध्यस्थ प्रोग्रामला आज हायपरव्हायझर म्हणतात. २००६ साली ॲमेझॉनने ईसी-टू ही सेवा काढून तासाच्या भाड्याने संगणक देऊ केला तेव्हा ही विद्या प्रयोगशाळेतून बाजारात आली, आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुण्यात व पुढच्याच वर्षी ॲमेझॉनने मुंबईत आपली केंद्रे उघडल्यापासून ती आपल्याच भूमीवर नांदते आहे.

अशा सामायिक ठिकाणी कारभाऱ्याला दोन कामे करावी लागतात, आणि ती दोन्ही एकच आहेत असा समज फार दूरवर पसरलेला आहे. पहिले काम व्यवस्थेचे: कोणते साधन कोणाचे, ते कोणाच्या हुकमाने उघडावे, त्यातले किती वापरण्याची मुभा असावी आणि बिल कोणाच्या नावे निघावे, याची तजवीज. संस्थेच्या पोटात खाती, खात्यांच्या पोटात प्रकल्प, प्रकल्पांत साधने, आणि प्रत्येक साधनावर डकवलेला टॅग, ही सारी उतरंड या कामासाठी असते. सुभा, परगणा, महाल आणि मौजे अशी मांडणी करणाऱ्या जुन्या दफ्तरदारालाही ती पाहताक्षणी उमगली असती. दुसरे काम विलगतेचे: एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येऊ नये, एकाच्या प्रोग्रामने बेफाम होऊन दुसऱ्याचा प्रोसेसर खाऊन टाकू नये, एकाच्या घरात शिरलेल्या चोराला दुसऱ्याच्या घरात उतरता येऊ नये. पहिले काम नाव देण्याचे आहे आणि दुसरे सीमा घालण्याचे. आणि नाव दिले की सीमा आपोआप पडते, असे मनाला सहज वाटून जाते.

तशी ती पडत नाही. अनेक यंत्रांवरचे प्रोग्राम हाकणाऱ्या कुबरनेटिस या आज सर्वत्र रूढ झालेल्या प्रणालीत नेमस्पेस नावाचा विभाग करता येतो. एक विभाग हिशेबाचा, एक भरतीचा, एक चाचणीचा, अशी नावे देऊन कारभारी निश्चिंत होतो; यादी मागवली की प्रत्येक विभागाची यादी निराळी येते, आणि डोळ्यांना भेद स्पष्ट दिसतो. परंतु वेगळे नेटवर्क-धोरण लिहून ते लागू केलेले नसेल, तर चाचणीच्या विभागातला अर्धाकच्चा प्रोग्राम हिशेबाच्या विभागातल्या डेटाबेसचे दार खुशाल ठोठावू शकतो, आणि त्या दाराला कुलूप नसेल तर आतही जाऊ शकतो. विभाग झाले, भिंत उभी राहिलीच नाही. छांदोग्यात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला मातीचे उदाहरण देतात, ते ऐकताना आपण साऱ्यांनी माना डोलावलेल्या असतात: माती एक, आकारांना नावे अनेक. त्या उपदेशातून पारमार्थिक एकत्व घ्यावे हे खरेच. परंतु व्यवहारात जो नावालाच सीमा समजतो त्याला त्यातून एक धोक्याची सूचनाही मिळते, आणि ती अशी की केवळ नामभेदाने वस्तूत काहीही बदललेले नसते.

मग सीमा कशाने पडते? येथे यंत्राच्या आत थोडे वाकून पाहिले पाहिजे, कारण मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती येथील एका लहानशा गोष्टीमुळे. लिनक्स या प्रणालीत चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असतो, आणि यंत्र सुरू होताच जी पहिली प्रोसेस जन्मते तिचा क्रमांक एक. आता याच यंत्रावर एक कंटेनर, म्हणजे प्रोग्रामभोवती आखलेले एक बंदिस्त आवरण, सुरू करावा, त्याच्या आत शिरावे आणि चालू असलेल्या प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस ही आज्ञा द्यावी: आतला प्रोग्राम स्वतःला क्रमांक एक म्हणवून घेताना दिसतो. बाहेर येऊन मूळ यंत्रावर तीच आज्ञा द्यावी, तर तोच प्रोग्राम, तीच मेमरी, तेच काम, परंतु क्रमांक, समजा, २८,४३१. शेजारच्या कंटेनरात पाहावे तर तेथेही एक क्रमांक एक आहेच. आपल्या जगात तो आद्य आहे, त्याच्या आधी कोणी नाही, आणि तो संपला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेली मूळ यंत्रणा, त्या जगातल्या उरलेल्या सर्व प्रोसेस त्याच्याबरोबर संपवून टाकते. अधिकाराचेही तसेच. कंटेनरातला शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, म्हणजे सर्वाधिकारी रूट, बाहेरच्या हिशेबात एक लाख क्रमांकाचा निव्वळ साधा वापरकर्ता असू शकतो. आत त्याच्या शब्दाला कोणी आडवे येत नाही, आणि बाहेर त्याला एक फाईल हलवण्याचीही मुभा नसते. पत्त्यांचेही तेच. दोन भाडेकरूंनी आपापल्या खासगी नेटवर्कात १०.०.०.५ हाच पत्ता दोन निरनिराळ्या यंत्रांना दिला तरी टपाल चुकत नाही, कारण प्रत्येक संदेशाच्या पाकिटावर तो कोणाच्या जगातला आहे हे सांगणारा एक गुप्त अंक चढवलेला असतो. पूर्वी व्हीलॅन या पद्धतीत हा अंक बारा बिटांचा होता आणि त्यामुळे एका जाळ्यात ४,०९४ च जगे मावत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या पद्धतीने तो चोवीस बिटांचा केला आणि १ कोटी ६७ लाखांहून अधिक जगांची सोय झाली. आतल्या यंत्राला हा अंक कधीच दिसत नाही.

हे पाहताना मांडूक्यकारिकांच्या तिसऱ्या, म्हणजे अद्वैत नावाच्या प्रकरणाची आठवण होते. गौडपादाचार्यांनी तेथे घटाकाशाचा दृष्टांत घेतला आहे, आणि तो आपल्याकडे इतका परिचित झाला आहे की त्याची खरी धार बहुधा लक्षात येत नाही. घट फुटला की घटाकाश महाकाशात मिळते, एवढेच सांगून कीर्तनकार थांबतात. परंतु आचार्यांना त्याच दृष्टांताने व्यतिकराचा प्रश्नही सोडवायचा आहे: एका घटात धूळ किंवा धूर भरला म्हणून सर्व घटांतले आकाश मलिन होत नाही, तसे एका जीवाच्या सुखदुःखाने सर्व जीव लिप्त होत नाहीत. म्हणजे आकाश एक असूनही मालिन्य स्थानबद्ध राहते. आणि ते स्थानबद्ध ठेवण्याचे काम आकाश करीत नाही, घटाची भिंत करते. पुढे अद्वैताच्या परंपरेत याच मुद्द्यावर दोन घराणी झाली. वाचस्पतिमिश्रांच्या भामतीकडे ज्याचा उगम दाखवला जातो तो अवच्छेदवाद म्हणतो की एकच चैतन्य उपाधींनी मर्यादित होऊन जीव झाले आहे, जसे एकच आकाश घटांनी. प्रकाशात्मयतींच्या विवरणाचा प्रतिबिंबवाद म्हणतो की जीव हे बिंबाचे प्रतिबिंब होय, आणि एका पाण्यातले प्रतिबिंब हलले म्हणून दुसऱ्या पाण्यातले हलत नाही.

कंटेनर आणि आभासी यंत्र या दोन पद्धतींत मला हीच दोन मते पुन्हा भेटतात. कंटेनरात कर्नल एकच असते. तिच्याच दृष्टीला लिनक्सच्या नेमस्पेसने (कुबरनेटिसच्या त्याच नावाच्या विभागाहून हे निराळे) मर्यादा घातलेली असते आणि तिच्याच साधनांना, २००८ पासून लिनक्समध्ये आलेल्या सीग्रुप या सोयीने, वाटे पाडून दिलेले असतात. हा सरळसरळ अवच्छेद आहे. आभासी यंत्रात मात्र प्रत्येक भाडेकरूला संपूर्ण यंत्राची एकेक प्रतिमा मिळते, तिच्यात त्याची स्वतःची कर्नल चालते, आणि एका प्रतिमेतली कर्नल कोसळली तर दुसरीतली हलतही नाही. कंटेनर हलका, क्षणात उभा राहणारा, पण त्याच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये एकाच कर्नलची निष्ठा असते. आभासी यंत्र जड, पण त्याची भिंत जाड. अभियंत्यांचे यावरील वाद ऐकताना, कोणत्या पक्षात लाघव अधिक आणि कोणत्या पक्षात दोष अधिक याची जी चिकित्सा चालते, ती वेदान्ताच्या पाठशाळेतल्या चिकित्सेहून प्रकृतीने फारशी निराळी नाही.

नैयायिकांचीही येथे आठवण ठेवली पाहिजे, कारण त्यांची अडचण याहून बिकट होती. त्यांच्या मते आत्मे अनेक आहेत, परंतु प्रत्येक आत्मा सर्वव्यापी आहे. म्हणजे प्रत्येक आत्म्याचा प्रत्येक देहाशी संयोग आहेच. मग हा देह याचाच, हे कर्म याच्याच नावे, असा नियम कोण लावतो? ते अदृष्टाकडे बोट दाखवतात, आणि सूत्रकार त्यांना विचारतात की जेथे सर्वांचाच सर्वांशी संयोग आहे तेथे ते अदृष्ट तरी अमक्याचेच कशावरून? हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. यंत्रात त्याचे उत्तर पाकिटावरच्या त्या अंकाने दिले आहे; पण अंक चढवणारा आणि वाचणारा चुकला, तर संदेश परक्याच्या घरी जाईल आणि घेणाऱ्याला तो आपलाच वाटेल.

आता ज्या घटनेने हा सारा विचार मुळापासून हलवला तिच्याकडे वळतो. १९७३ साली बटलर लॅम्पसन यांनी बंदिवासाच्या प्रश्नावर एक छोटे टिपण लिहिले होते. एखाद्या प्रोग्रामला माहिती देऊन तो ती बाहेर नेणार नाही याची हमी कशी घ्यावी, हा त्याचा विषय. आणि त्यात त्यांनी दाखवले की उघड मार्ग सारे बुजवले तरी, यंत्रावर पडणारा भार कमीजास्त करणे, एखादी फाईल कुलूपबंद ठेवणे व मोकळी करणे, अशा ज्या गोष्टी संदेश वाहण्यासाठी मुळी निर्माणच झालेल्या नाहीत त्यांतूनही संदेश जाऊ शकतो. बरीच वर्षे हे टिपण अभ्यासकांपुरते राहिले. २००९ साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि एमआयटी येथील संशोधकांनी ॲमेझॉनच्या क्लाउडवर प्रयोग करून सिद्ध केले की आपल्याला हव्या त्या परक्या भाडेकरूच्या शेजारी, त्याच लोखंडी यंत्रावर, थोड्याशा खर्चात जागा मिळवता येते, आणि तेथे बसून भिंतीपलीकडची चाहूलही घेता येते.

ती चाहूल कशी लागते हे समजून घेण्यासारखे आहे. प्रोसेसरच्या अगदी जवळ कॅश नावाची लहान पण अतिवेगवान मेमरी असते. तेथे असलेली वस्तू मोजक्या ठोक्यांत हाती येते, आणि तेथे नसलेली वस्तू मुख्य मेमरीतून आणायला शेकडो ठोके लागतात. ही कॅश सर्वांना सामायिक. हेरगिरी करणारा भाडेकरू आधी तिचे कप्पे आपल्याच मालाने भरून ठेवतो, क्षणभर स्वस्थ बसतो, आणि मग तोच माल पुन्हा मागून प्रत्येक कप्प्याला किती वेळ लागला ते मोजतो. जेथे उशीर झाला तेथला माल कोणीतरी हुसकावला, म्हणजे शेजाऱ्याने तो कप्पा वापरला. आणि कोणते कप्पे कोणत्या क्रमाने वापरले गेले यावरून शेजाऱ्याची गुप्त किल्लीदेखील हळूहळू वाचता येते. येथे शेजाऱ्याचे एक अक्षरही कोणी चोरलेले नाही. कोणताही नियम मोडलेला नाही. आपलाच माल परत मिळायला किती वेळ लागला, एवढेच त्याने पाहिले.

२०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही दोन दूषणे जगजाहीर झाली तेव्हा दुखणे याहूनही खोल असल्याचे कळले. वेग वाढावा म्हणून प्रोसेसर पुढच्या आज्ञा, परवानगी तपासून होण्याच्या आधीच, अंदाजाने करून ठेवतात, आणि अंदाज चुकला की केलेले सारे रद्द करतात. परंतु रद्द केलेल्या कर्माचा संस्कार कॅशमध्ये राहून जातो. मेल्टडाउनमध्ये त्या संस्कारावरून खुद्द कर्नलच्या मेमरीतला मजकूर वाचता येई, म्हणजे एकाच कर्नलच्या छत्राखाली राहणाऱ्या सर्व कंटेनरांची भिंत एका बाजूने उघडीच होती; आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात प्रकट झालेल्या फोरशॅडोने आभासी यंत्रांच्या जाड भिंतीलाही तोच प्रश्न विचारला. दुरुस्त्या झाल्या. कर्नलची मेमरी वापरकर्त्याच्या नकाशातून वेगळी काढावी लागली, यंत्रे त्यामुळे काहीशी मंदावली, आणि कित्येक वर्षे निर्धोक मानलेली रचना नव्याने राखावी लागली. घटाच्या भिंतीने धूर अडवला होता. काळ अडवलेला नव्हता.

यंत्र जड आहे आणि त्यावरून आत्म्याविषयी अनुमान काढणे गैर होईल, याची मला पूर्ण जाणीव आहे. दृष्टांताने सिद्धी होत नाही, हे आपल्या तार्किकांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. तथापि दृष्टांताने प्रश्न नेमका होतो, आणि येथे तो असा होतो: भेद ही वस्तू आहे, भ्रम आहे, की आणखी काही? मध्वाचार्यांनी ईश्वर, जीव आणि जड यांच्यातील पाच भेद सत्य व नित्य मानले; जे भेद त्यांच्या विचाराचे विषय होते त्यांच्याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही, परंतु सामायिक यंत्रावर दोन भाडेकरूंमधला भेद हा वस्तूच्या स्वभावातच असता, तर २०१८ साली तो नव्याने घालावा लागला नसता. लायब्निझने १७१४ च्या आपल्या ग्रंथात ज्यांना खिडकीच नाही असे चिदणू कल्पिले. तसे एकाकी यंत्र प्रत्येकाला द्यायचे ठरवले तर सामायिकपणाच संपला, आणि ज्या गरीब संस्थेला सामायिक यंत्रामुळेच संगणक परवडला तिच्या हातून तो गेला. उलट, सारे एकच आहे तेव्हा भिंती मायिक, माझे-तुझे मायिक, मग खासगीपणाचा एवढा बाऊ कशाला, असे म्हणणारा एक उथळ अद्वैती आपल्याकडे पावलोपावली भेटतो. त्याचे म्हणणे मला सर्वांत घातक वाटते, कारण आचार्यांनी अव्यतिकर सिद्ध करण्यासाठी जी एवढी खटपट केली तिचा त्याला पत्ताच नाही. एकत्व हे अधिष्ठानाचे असते. त्या एकत्वाच्या नावाने शेजाऱ्याचा दप्तरखाना उघडण्याचा अधिकार कोणत्याही उपनिषदाने कोणालाही दिलेला नाही.

भेद राखावा लागतो, हे मला या साऱ्यातून दिसणारे सत्य आहे. तो एकदा निर्माण होऊन पडून राहात नाही; कोणीतरी क्षणोक्षणी पाकिटावरचा अंक तपासतो, कोणीतरी कर्नलचा नवा दोष कळताच रात्रीतून दुरुस्ती चढवतो, कोणीतरी जुने अधिकारपत्र रद्द करतो, आणि तोवर भेद टिकतो. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाला दिले आहे. जगातला भेद हा अज्ञानाचा प्रमाद आहे ही सोपी उपपत्ती त्यांना पटली नाही, आणि नवव्या प्रकरणात एकाच डोंगरातून कोरलेल्या देवळाचा दृष्टांत घेऊन त्यांनी, सर्व एक असतानाही देव आणि भक्त यांच्यातला व्यवहार कसा शोभून दिसतो, ते दाखवले. भेद ज्यांना प्रमाद वाटतो त्यांना तो सांभाळण्याचे कष्ट घेण्याची प्रेरणा होणार नाही. ज्यांना त्या एकाचाच विलास त्यात दिसतो, त्यांना ती एक सेवा वाटेल.

परंतु भेद राखणे ही सेवा आहे असे म्हणताच मराठी माणसाने थांबून विचार केला पाहिजे. कारण सामायिक साधन आणि त्यावरील विलगता यांचा विषय आपल्या भूमीत महाडच्या चवदार तळ्यावाचून पुरा होत नाही. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचे ठरवले, महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला, आणि तरीही १९२७ च्या मार्चात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी पिऊन तो हक्क बजावावा लागला, आणि त्यानंतर तळे बाटले म्हणून शुद्धी करण्यात आली. तळ्यावरून चाललेल्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. तेथेही विलगता राखणारे आपण धर्म राखीत आहोत असेच म्हणत होते. मग त्या विलगतेत आणि या विलगतेत फरक कोणता?

फरक मूलगामी आहे. यंत्रावरची भिंत प्रत्येकाला साधन मिळावे म्हणून असते. कोटा ठरवला जातो तो एकाने सारे ओरबाडून दुसरा उपाशी राहू नये म्हणून. महाडची भिंत एका समूहाला साधनच मिळू नये म्हणून होती. यंत्रावरची भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच असते, माझा मजकूर तुला अगम्य तसा तुझा मला. महाडची भिंत एकाच बाजूने चढता येत होती. आणि यंत्रावर जे अडवले जाते ते नुकसान: वाचणे, बिघडवणे, गिळंकृत करणे. महाडला माणूसच नुकसान ठरवला गेला होता, त्याचा स्पर्श, त्याची ओंजळ. कोणत्याही सामायिक व्यवस्थेत विलगता न्याय्य आहे की नाही हे ठरवताना हेच विचारावे लागते, की ती साधन पोचवते की अडवते, ती दोन्हीकडून सारखी आहे का, आणि ती हानीला रोखते की माणसाला. ज्या ठिकाणी उत्तर वाईट येईल तेथे ती भिंत कितीही जुनी असो, वा कितीही नव्या तंत्राने बांधलेली असो, पाडली पाहिजे. पैसे अधिक देणाऱ्याच्या कामाला आधी प्रोसेसर मिळतो आणि कमी देणाऱ्याचे काम मध्येच थांबवले जाते, हा प्रकार आजच्या क्लाउडवर राजरोस चालतो. त्यात सौदा आहे तोवर ठीक, परंतु रुग्णालय आणि शाळा जेव्हा त्या रांगेत मागे पडतात, तेव्हा या कसोट्या लावून पाहायलाच हव्यात.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य त्याच उद्दालक आरुणींना अंतर्यामीचे वर्णन सांगतात: सर्वांच्या आत राहणारा, ज्यांच्या आत राहतो त्यांना न कळणारा, आणि तरी आतून त्यांचे नियमन करणारा. हायपरव्हायझरचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. भाडेकरूच्या मेमरीचा प्रत्येक कोपरा त्याला दिसतो आणि भाडेकरूला तो दिसत नाही. फरक एवढाच, आणि हा फरक मोठा आहे, की उपनिषदातला अंतर्यामी निष्काम आहे, आणि यंत्रातला अंतर्यामी हा एका कंपनीचा नोकर आहे. म्हणूनच अलीकडे भाडेकरूची मेमरी प्रोसेसरमधल्याच किल्लीने कुलूपबंद ठेवून खुद्द यजमानालाही ती वाचता येऊ नये, अशा योजना निघाल्या आहेत. २०१६ साली एएमडीने अशी एक योजना जाहीर केली. तिने विश्वासाची गरज संपली नाही, विश्वास यजमानाकडून प्रोसेसर घडवणाऱ्याकडे सरकला इतकेच. कोणावर तरी विश्वास टाकल्यावाचून सामायिक जगात राहता येत नाही. पण तो कोणावर टाकला आहे हे माणसाला ठाऊक तरी असले पाहिजे.

ते ज्यांना ठाऊक नसते त्यांच्यासाठी हे लिहिले. भारत सरकारचा मेघराज हा क्लाउड २०१४ पासून चालू आहे. त्यावर आणि खासगी कंपन्यांच्या क्लाउडवर ज्यांच्या शिधापत्रिका, रुग्णपत्रिका, परीक्षेचे गुण आणि जमिनीचे उतारे साठवलेले आहेत त्या नागरिकांनी ना करार वाचला आहे, ना भिंत पाहिली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने, काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी जबाबदारी मूळ संस्थेवरच राहील असे ठरवले आहे, आणि ते योग्यच झाले. तेव्हा असा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या खात्यात डिफॉल्ट नावाच्या विभागात काय काय येऊन पडले आहे, एका नेमस्पेसमधून दुसऱ्यात कोठवर पोहोचता येते, आणि रूटचा अधिकार आजवर कोणाकोणाला देऊन परत घ्यायचा राहिला आहे, हे या आठवड्यात स्वतः उघडून पाहा, आणि ज्या भिंती केवळ नावापुरत्या आढळतील त्या आधी बांधा.